हलकं क्लाइंबिंग हेल्मेट निवडताना : वजनाचा काटा सगळ्यात शेवटी

कोल्हापुरात नव्याने क्लाइंबिंग शिकणारी मुलं-मुली हेल्मेटबद्दल विचारतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सगळ्यात हलकं कुठलं?" मग मोबाइलवर यादी उघडते, कमी ग्रॅमवालं हेल्मेट मागवलं जातं आणि पहिल्याच रविवारी तक्रार सुरू होते. कपाळावर टोचतं, वर बघितलं की मागे घसरतं, उतरताना डोळ्यावर येतं. टोचतं म्हणून माणूस ते टोपीसारखं मागे सरकवून घालतो आणि कपाळ उघडं पडतं. हेल्मेट १७० ग्रॅमचं असो की ३५० ग्रॅमचं, त्या क्षणी त्याचा उपयोग निम्म्यावर आलेला असतो.

हलकं हेल्मेट हवंच. दिवसभर घालायची वस्तू आहे, आणि मानेला त्रास देणारं हेल्मेट लोक पहिल्या विश्रांतीलाच काढून ठेवतात. पण वजन बघायचं ते शेवटी. त्याआधीचे टप्पे गाळले की हलकेपणाचे पैसे वाया जातात. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका.

## तयारी : या वस्तू जवळ ठेवा

शिंप्याची कापडी टेप, आरसा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, तुमचा हेडटॉर्च, नेहमीची भरलेली सॅक आणि चष्मा असेल तर तो. बाजूने फोटो काढायला कुणीतरी सोबत असलं तर फार बरं. केस लांब असतील तर कड्यावर जाताना जशी वेणी किंवा पोनी बांधता तशीच बांधून बसा. मोकळ्या केसांवर बरोबर बसलेलं हेल्मेट अंबाड्यावर बसत नाही.

## टप्पा १ : कुठे वापरणार ते आधी ठरवा

आपल्याकडचा धोका मुख्यतः वरून येतो. पन्हाळ्यासारख्या गडांच्या माथ्यावर जांभा आहे आणि त्याखाली बेसॉल्टचा काळा कातळ. पाऊस मुरला की जांभ्याच्या कडा भुसभुशीत होतात आणि ढेकळं सुटतात. बेसॉल्टमध्ये भेगांच्या मधले तुकडे सैल होऊन बसलेले असतात. वरून वानरं पळाली, शेळ्या चरत गेल्या किंवा आपल्याच रोपने घासलं, की ते खाली येतात. नाळेतून, म्हणजे कड्यामधल्या अरुंद घळीतून, चढताना पुढच्याच्या पायाखालचा दगड मागच्याच्या डोक्यावर येतो, तिथे तर रोप काढायच्याही आधी हेल्मेट डोक्यावर हवं.

दुसरा धोका आपण स्वतः आपटण्याचा. लीड करताना (वरून रोप न लावता सगळ्यात पुढे चढताना) पडलात, रोप पायामागे अडकून उलटे झालात किंवा आडव्या चढाईत झोका बसला, तर डोकं बाजूने किंवा मागून कातळावर आदळतं. रॅपलिंग (रोपच्या आधाराने खाली उतरणं) आणि वरून रोप लावलेली चढाई एवढंच करणार असाल तर माथ्याचं संरक्षण पहिलं बघा. लीड करणार असाल तर हेल्मेट कानांच्या वर आणि डोक्यामागे किती खाली येतं, आणि तिथे आत फोम आहे की नुसतं प्लास्टिक, हे हात घालून बघा.

## टप्पा २ : आतलं लेबल वाचा

हेल्मेट उलटं करा. आत ईएन १२४९२ (क्लाइंबिंग हेल्मेटचं युरोपियन मानक) किंवा यूआयएए १०६ (गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं मानक) असं छापलेलं असलं पाहिजे. दोन्ही असतील तर उत्तम. सोबत सीई खूण (युरोपच्या सुरक्षा नियमांत बसल्याची), साइज आणि बनवल्याचा महिना-वर्ष.

या आकड्यांचा अर्थ माहीत असावा, कारण त्यातून निवड सोपी होते. ईएन १२४९२ च्या चाचणीत ५ किलोचं वजन २ मीटरवरून माथ्यावर सोडतात आणि आतल्या डोक्याच्या साच्यापर्यंत पोहोचणारं बल १० किलोन्यूटनच्या आत राहावं लागतं. यूआयएए १०६ मध्ये हीच मर्यादा ८ किलोन्यूटन आहे. ३ किलोचा टोकदार शंकू १ मीटरवरून टाकून तो आरपार जातो का, तेही तपासतात. समोरून, बाजूने आणि मागून मात्र तेच ५ किलोचं वजन फक्त ५० सेंटिमीटरवरून सोडतात. म्हणजे माथ्याच्या चाचणीच्या चौथा भाग ऊर्जा. दोन हेल्मेटं एकाच मानकाची असली तरी बाजूच्या संरक्षणात बराच फरक असू शकतो, तो यामुळे. पेट्झलसारख्या कंपन्या बाजूच्या संरक्षणासाठी स्वतःची वेगळी चाचणी लावून तसं लिहितात. लीड करणाऱ्यांनी हे जरूर शोधावं.

आता आपल्या गावात हमखास होणाऱ्या तीन चुका.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कुणी ना कुणी घरातलं कामाला असतं, त्यामुळे फौंड्रीतलं पिवळं हेल्मेट सहज मिळतं. ते आयएस २९२५ या औद्योगिक मानकाचं असतं. जमिनीवर उभ्या माणसाच्या डोक्यावर काही पडलं तर, एवढाच त्याचा विचार. युरोपच्या औद्योगिक मानकात, ईएन ३९७:२०१२ मध्ये, तर हनुवटीचा पट्टा १५० ते २५० न्यूटन ओढीला सुटलाच पाहिजे अशी अट होती, म्हणजे पट्टा कुठे अडकला तर गळ्याला फास बसू नये. क्लाइंबिंगच्या हेल्मेटचा पट्टा याउलट ५०० न्यूटनपर्यंत टिकावा लागतो, साधारण ५० किलो वजन टांगल्याइतका. पडताना हेल्मेट डोक्यावर राहिलं तरच ते कामाचं.

मोटरसायकलचं हेल्मेट, आयएस ४१५१ वालं, जड तर असतंच, शिवाय कान झाकतं. वरून आलेली "दगड!" ही हाक त्यात नीट ऐकू येत नाही.

सायकलचं हेल्मेट हलकं आणि हवेशीर असतं म्हणून अनेकांना तेच पुरेसं वाटतं. त्याच्या ईएन १०७८ मानकात टोकदार वस्तू आत घुसण्याची चाचणीच नाही, आणि त्याच्या रुंद फटींतून लिंबाएवढा दगड सरळ आत येऊ शकतो. काही मोजकी हेल्मेटं दोन्ही मानकांची असतात. लेबलवर दोन्ही आकडे दिसले तरच ते कड्यावर न्या.

तपासा : लेबलवर आकडा नाही, महिना-वर्ष नाही, सोबत माहितीपत्रक नाही? हेल्मेट कितीही हलकं आणि स्वस्त असो, पुढचे टप्पे करायची गरज नाही. परत करा.

## टप्पा ३ : डोकं मोजा

टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटर ठेवा. कानांच्या वरून मागे न्या आणि डोक्यामागचा सगळ्यात फुगीर भाग जिथे लागतो तिथून फिरवा. टेप जमिनीला समांतर हवी, मागे खाली घसरलेली नको. तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा.

बहुतेक कंपन्या दोनच साइज काढतात आणि त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. उदाहरणार्थ, पेट्झल बोरिओची लहान साइज ४८ ते ५८ सेंटिमीटर आणि मोठी ५३ ते ६१. डोकं ५६ असेल तर दोन्ही "बसतात". इथे लोक सवयीने मोठी घेतात, पुढेमागे टोपी घालता येईल म्हणून. माझं मत उलट आहे. लहान साइज कुठेही न टोचता बसत असेल तर तीच घ्या. ती हलकी असते, कमी हलते आणि वरच्या लेजला (कातळाच्या पुढे आलेल्या कडेला) कमी आपटते. फक्त डायल (मागचं, घेर कमी-जास्त करायचं चाक) पूर्ण सैल केल्यावरच ती डोक्यात जात असेल, तर मोठी घ्यावी लागेल.

लहान मुलांसाठी "वाढत्या अंगाचं" हेल्मेट घेऊ नका. आज मापाचं बसलं पाहिजे.

## टप्पा ४ : आकार जुळतो का बघा

घेर जुळला म्हणजे आकार जुळला असं होत नाही. कुणाचं डोकं वरून पाहिलं तर लांबट असतं, कुणाचं गोल. कंपन्यांचे साचेही तसेच वेगवेगळे. डायल सैल ठेवा, हेल्मेट सरळ बसवा आणि हळूच दाबा.

कपाळ आणि मागचा भाग दाबला जातोय, पण कानांच्या वर बोट शिरतंय? तुमचं डोकं लांबट, हेल्मेट गोल. कानशिलं दाबली जातायत आणि कपाळासमोर पोकळी राहतेय? डोकं गोल, हेल्मेट लांबट. दोन्ही बाबतींत डायल आवळून काही साधत नाही, दाब फक्त वाढतो. पॅड जाड-पातळ करून थोडा फरक पडतो, पण कवच किंवा फोमच डोक्याला टेकत असेल तर ते मॉडेल सोडून द्या. आवडता रंग, सवलत, मित्राची शिफारस, काहीही असो.

कोल्हापुरात एका ठिकाणी सगळ्या कंपन्यांची हेल्मेटं घालून बघायला मिळणं अवघड आहे. म्हणून ऑनलाइन मागवण्याआधी एखाद्या रविवारी गिर्यारोहण करणाऱ्यांमध्ये जा आणि चार जणांची चार वेगळी हेल्मेटं घालून बघा. नुसतं एवढ्यावरही कुठल्या कंपनीचा साचा आपल्याला चालतो ते कळतं.

## टप्पा ५ : आधी डायल, मग पट्टे

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, आणि चुकतो तो क्रमामुळे. लोक आधी हनुवटीचा पट्टा करकचून आवळतात आणि त्याच्या जोरावर हेल्मेट धरून ठेवतात. मग गळा आवळतो, बोलता येत नाही, पट्टा सैल होतो आणि हेल्मेट लोंबायला लागतं.

१. हेल्मेट सरळ ठेवा. पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं. बाजूने फोटो काढून बघा, कड जमिनीला समांतर दिसली पाहिजे. आरशात समोरून हे कळत नाही.

२. मागची पट्टी डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली, मानेच्या वरच्या खळग्यात आणा. बऱ्याच मॉडेलमध्ये ती वर-खाली सरकते, पण हे फारसं कुणी बघत नाही. ती उंचवट्यावरच राहिली तर हेल्मेट पुढे घसरणारच.

३. आता डायल फिरवा. पकड जाणवली की थांबा.

४. पट्टा उघडा ठेवूनच कमरेत वाका आणि डोकं हलवा. हेल्मेट पडता कामा नये. डावीकडे-उजवीकडे हलवलं तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे.

५. यानंतर बाजूचे पट्टे. पुढचा आणि मागचा पट्टा जिथे मिळतात तो सांधा कानाच्या पाळीच्या जरा खाली यावा, कानावर नाही. चष्म्याच्या काड्या पट्ट्याखाली दबत नाहीत ना, ते इथेच बघा.

६. सगळ्यात शेवटी हनुवटीचा पट्टा लावा. पट्ट्यात एक बोट जेमतेम शिरेल इतकाच.

तपासा : तळहाताने हेल्मेट मागून पुढे आणि मग पुढून मागे जोराने ढकला. डोळ्यावर आलं किंवा कपाळ उघडं पडलं तर पायरी २ पासून पुन्हा करा. दोनदा करूनही तेच होत असेल तर साइज किंवा आकार चुकलाय.

सावधान : बेसबॉलसारखी टोपी किंवा वर गुंडी असलेली टोपी हेल्मेटखाली घालू नका. घामासाठी पातळ सुती रुमाल चालतो, पण मग माप आणि डायलही रुमालासकट बघा.

## टप्पा ६ : अर्धा तास घरात घाला

दुकानात दोन मिनिटं सगळंच आरामदायक वाटतं. टोचणारी जागा वीस मिनिटांनी बोलायला लागते. टॅग न काढता घरात अर्धा तास हेल्मेट घालून वावरा. त्यात या तीन गोष्टी करा.

सॅक पाठीवर घ्या आणि वर बघा. सॅकचं वरचं झाकण हेल्मेटला मागून ढकलत असेल तर चढताना वरची पकड दिसणार नाही. कधी सॅक खाली घेऊन भागतं, कधी हेल्मेटची मागची कडच जास्त खाली आलेली असते.

मग बिले देणाऱ्यासारखे, म्हणजे चढणाऱ्यासाठी खालून रोप सांभाळणाऱ्यासारखे, पाच मिनिटं सलग वर बघत उभे राहा. वजन खरं कळतं ते इथे, कारण बिलेअरची मान तासन्‌तास अशीच असते. मागे जड असलेलं हेल्मेट वर बघताना मान आणखी मागे खेचतं. हातात हलकं लागलेलं हेल्मेट इथे जड वाटू शकतं, आणि त्याउलटही.

हेडटॉर्च लावा. चारही क्लिपमध्ये पट्टा बसतो का, उडी मारल्यावर टॉर्च खाली झुकतो का, ते बघा. रंगण्यासारख्या दूरच्या गडावरून उतरताना अंधार पडतोच.

काढल्यावर कपाळ आरशात बघा. एकसारखी फिकट लाली ठीक. एकाच ठिकाणी लाल वळ उठला असेल किंवा डोकं ठणकत असेल, तर "सवयीने बसेल" म्हणू नका. फोम आणि कवच सवयीने बदलत नाही.

## टप्पा ७ : आता काट्यावर ठेवा

इथपर्यंत दोन-तीन मॉडेल टिकली असतील तर आता वजन बघा. स्वतःच्या काट्यावर. कंपनी लिहिते ते वजन बरेचदा लहान साइजचं असतं.

ढोबळ तीन प्रकार आहेत.

जाड एबीएस (कडक प्लास्टिक) कवच आणि आत पट्ट्यांची जाळी किंवा थोडा फोम : साधारण ३०० ते ४०० ग्रॅम. दणकट, स्वस्त, सॅकमध्ये कोंबलं तरी टिकतं.

पातळ कवच फोमवरच साच्यात चिकटवलेलं : साधारण २०० ते २८० ग्रॅम. आतला ईपीएस फोम आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याच जातीचा, पण बराच दाट. धक्का बसला की तो चेंगरतो, त्या चेंगरण्यातच ऊर्जा जिरते आणि तो पुन्हा फुगत नाही. म्हणून हे हेल्मेट एका मोठ्या फटक्यापुरतं.

जवळजवळ सगळा ईपीपी फोम : साधारण १६० ते २२० ग्रॅम. पेट्झलचं सिरोको या जातीचं. हा फोम थोडा लवचीक असतो, छोट्या ठोक्यांनी तडकत नाही. पण महाग, आणि रोजच्या आदळआपटीत बाहेरून लवकर खरचटतं.

माझी शिफारस स्पष्ट आहे. शिकत असाल, सामान एसटीच्या टपावर किंवा दुचाकीला बांधून नेत असाल, हेल्मेट चार हातांत फिरत असेल, तर बोरिओ किंवा ब्लॅक डायमंड हाफ डोमसारखं ३०० ग्रॅमच्या आसपासचं दणकट हेल्मेट घ्या. मोठ्या सुळक्यांवर दिवसभराची चढाई सुरू झाली, स्वतःचं सामान स्वतः जपायची सवय लागली, की मग २०० ग्रॅमच्या घरात या. १०० ग्रॅमचा फरक मानेला संध्याकाळी नक्की जाणवतो. पण दोन मॉडेलमध्ये २०-३० ग्रॅमचाच फरक असेल तर डोळे मिटून जास्त चांगलं बसणारं घ्या.

हवेचाही विचार करा. मार्च-एप्रिलमध्ये काळा कातळ तापतो तेव्हा बंद कवचात डोकं शिजतं. वरच्या बाजूला छोटी आणि बाजूंना मोठी छिद्रं असलेली रचना आपल्याकडे बरी. पांढरा, पिवळा, नारिंगी असा रंग कमी तापतो आणि हिरव्या-काळ्या कड्यावर माणूस लांबून दिसतो.

चुंबकी बकल एका हाताने लागतं, पण आपल्या बेसॉल्टच्या बारीक मातीत चुंबकाला चिकटणारे लोहाचे कण असतात. ते बकलमध्ये साठतात. असं बकल घेतलंत तर दर वेळी पुसायची तयारी ठेवा, नाहीतर साधं चिमट्याचं बकल बरं.

## टप्पा ८ : पैसे देण्याआधी

परत करण्याची मुदत वाचा. बनवल्याचं वर्ष बघा : प्लास्टिकच्या हेल्मेटना बऱ्याच कंपन्या बनवल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं देतात, त्यामुळे सवलतीत मिळणाऱ्या चार वर्षं जुन्या मालाचं आयुष्य आधीच कमी झालेलं असतं. वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नका. आतला चेंगरलेला फोम बाहेरून दिसत नाही आणि विकणाऱ्यालाही कदाचित माहीत नसतो.

## टप्पा ९ : कड्यावर आणि घरी

हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) चढवायच्या आधी हेल्मेट घाला आणि कड्यापासून लांब गेल्यावरच काढा. जेवायला बसतानाही, वर कडा असेल तर डोक्यावरच राहू द्या. "दगड!" ऐकू आलं की वर बघू नका. कातळाला चिकटा, खांदे आवळा, माथा वर ठेवा. हेल्मेट चेहरा वाचवत नाही.

नेताना आत मऊ कपडे भरून सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा. बाहेर लटकवलं की बसच्या दारापासून झाडापर्यंत सगळीकडे आपटतं. त्यावर बसू नका, हे हलक्या हेल्मेटसाठी दुप्पट खरं. मे महिन्यात बंद गाडीत काचेखाली ठेवू नका. तालमीचा किंवा मंडळाचा स्टिकर, ऑइलपेंटने लिहिलेलं नाव, थिनर, पेट्रोल, डास पळवायचा स्प्रे, या सगळ्यांतली रसायनं प्लास्टिकला कमजोर करू शकतात. नाव हवं असेल तर ते पट्ट्याला शिवलेल्या कापडावर लिहा. धुवायला साधा साबण आणि कोमट पाणी, वाळवायला सावली.

दर वेळी तपासा : कवचाला तडा, फोमला खोक किंवा दबलेली जागा, पट्ट्याची उसवलेली शिवण, डायल घसरते का, बकल लागल्यावर ओढून सुटतं का.

मोठा दगड लागला किंवा जोरात आपटलात, तर बाहेर काही न दिसताही हेल्मेट बाद. अशा वेळी ते "सरावापुरतं" म्हणून धाकट्या भावाला किंवा शिबिराला दिलं जातं. तसं करू नका. कात्रीने हनुवटीचा पट्टा आणि बाजूचे पट्टे कापा, कवचावर बाहेरून मोठ्या अक्षरांत "बाद" लिहा आणि मगच भंगारात टाका.